पट्टी लिहिणाऱ्या हाताला अनुभव नाही कसा?

पत्र

ताई, मी सांगलीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहा दिवसांनी आमच्या कॉलेजात इंटर्नशिप मेळावा आहे. पंधरा-सोळा टेबलं लागतील, कंपन्यांसोबत दोन-तीन सीएंची ऑफिसं आणि एक पतसंस्थाही येईल, असं सरांनी सांगितलं. मी अशा ठिकाणी कधीच गेलेली नाही. रेझ्युमे लिहायला बसले, तर नाव, पत्ता, टक्के लिहून झाल्यावर पान रिकामंच राहिलं. ‘अनुभव’ या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नाही. बाबा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. हळदीच्या हंगामात मी संध्याकाळी जाऊन त्यांना पट्ट्या करायला आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी घालायला मदत करते, पण ते घरचंच काम. इंग्रजी वाचून समजतं, बोलताना अडखळते. मैत्रीण म्हणते ब्लेझर शिवून घे. आणि ओळखीचा एक मुलगा सांगतो की एक संस्था ३,००० रुपये घेऊन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट देते, मेळाव्यात धक्के खाण्यापेक्षा ते बरं. मी काय करू?
— दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर

तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. ‘पण ते घरचंच काम.’ त्या ओळीपाशीच मला थांबायचं आहे, कारण तुझ्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथून निघतात.

हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांनाच पट्टी ठाऊक नसेल, म्हणून आधी त्यांच्यासाठी सांगते. शेतकऱ्याच्या मालाचा सौदा झाला की किती पोती, वजन किती, दर काय मिळाला, हमाली-तोलाई किती वजा गेली आणि शेवटी हातात किती पडणार, हे ज्या कागदावर येतं ती पट्टी. हळदीत तर एकाच शेतकऱ्याच्या मालाचे तीन भाग होतात. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी, आणि तिन्हींचे दर वेगळे. नऊ महिने पीक सांभाळून, मग शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेल्या मालाचा हिशोब त्या एका कागदावर असतो. शेतकरी तो घडी घालून खिशात ठेवतो, घरी जाऊन पोराकडून पुन्हा बेरीज करून घेतो. एक आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर उभा असतो.

हे काम तू करतेस, आणि रेझ्युमेच्या पानाला सांगतेस की अनुभव नाही.

मी बरीच वर्षं अशा मेळाव्यांत टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसले आहे. एका दिवसात दीड-दोनशे रेझ्युमे हाताखालून जायचे. त्यातल्या बहुतेकांवर तीच वाक्यं असायची. हार्डवर्किंग, क्विक लर्नर, टीम प्लेयर, एमएस ऑफिसचं ज्ञान. दुपारपर्यंत डोळे ती वाचायचे, डोक्यात काही शिरायचं नाही. शोधत मात्र एकच गोष्ट असायचे. जिथे चूक झाली तर कुणाचं तरी खरोखर नुकसान होईल, असं एखादं काम या मुलाने किंवा मुलीने कधी अंगावर घेतलंय का? दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून याहून जास्त अपेक्षा कुणी करत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ते क्वचितच सापडतं. किराणा दुकानात उधारीची वही सांभाळणाऱ्या पोरात, दूध संकलन केंद्रावर फॅट लावून बिलं लिहिणाऱ्या पोरीत ते हमखास सापडतं. पण ती मुलं ते लिहीतच नाहीत, कारण त्यांनाही ते घरचंच काम वाटतं.

म्हणून पहिलं काम आज रात्रीच कर. जेवणं झाल्यावर एक वही घेऊन बाबांसमोर बस. माल गाडीतून उतरल्यापासून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत काय काय होतं, ते त्यांना क्रमाने सांगायला लाव. त्यातलं तू स्वतः काय करतेस, त्यावर खूण कर. हंगामात रोज किती पट्ट्या तुझ्या हाताखालून जातात? टॅलीत तू खरेदीचं व्हाउचर घालतेस, पेमेंटचं, की दोन्ही? शेतकऱ्याचं लेजर तू उघडतेस का? संध्याकाळी रोकड आणि वही जुळली नाही तर शोधायला कुठून सुरुवात करता? आगाऊ उचल घेतलेल्या शेतकऱ्याची रक्कम पट्टीतून कशी वळती होते? खरेदीदाराच्या बिलावर हळदीचा ०९१० ने सुरू होणारा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाला दिलेला क्रमांक असतो, तो बघ आणि त्या बिलावरचा कर कसा काढतात ते बाबांकडून समजून घे. तुझे बाबा कीर्द-खतावणीतले मुरलेले माणूस आहेत. तुमच्या पुस्तकातली दुहेरी नोंद पद्धत ते रोज हाताने जगतात. त्या एका बैठकीत तुझी अर्धी तयारी होईल.

मग रेझ्युमे लिही. त्या रिकाम्या रकान्यात साधारण असं यायला हवं: ‘सांगली मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानात दोन हंगाम, रोज संध्याकाळी दोन तास, वडिलांचे मदतनीस म्हणून काम. दररोज सुमारे पंधरा पट्ट्यांची आकडेमोड आणि तपासणी. टॅलीमध्ये खरेदी व पेमेंटच्या नोंदी. दिवसअखेर रोख शिल्लक जुळवणे.’ यातले आकडे मी अंदाजाने घातलेत, तू तुझे खरे घाल. इंग्रजीत उतरवताना वाक्यं अशीच छोटी ठेव. आणि पंधराच्या पंचवीस करू नकोस. समोर बसलेला माणूस लगेच विचारतो, ‘एका पट्टीला किती वेळ लागतो?’ खऱ्या आकड्याला खरं उत्तर जोडलेलंच असतं, फुगवलेल्या आकड्याला ते शोधावं लागतं. ‘वडिलांचे मदतनीस’ हे शब्दही लपवू नकोस. पगार नव्हता म्हणून काम खोटं ठरत नाही. मालक चांगले असतील तर त्यांच्याकडून दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घे. दिवाणजींच्या मुलीने मागितल्यावर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ. कुठल्याही शेतकऱ्याची खरी पट्टी मेळाव्यात नेऊ नकोस, फोनमधला तिचा फोटोसुद्धा दाखवू नकोस. कुणाला किती पैसे मिळाले ही त्या माणसाची खासगी बाब आहे आणि दुकानाचीही. त्याऐवजी एक नमुना पट्टी तयार कर. नाव घालू नकोस, आकडे मनाने घे. समज, हळकुंड ६ क्विंटल, दर १४,०००, झाले ८४,०००. गड्डा २ क्विंटल, १२,५०० ने २५,०००. कणी १ क्विंटल, ११,०००. एकूण १,२०,०००. हमाली-तोलाईचे ६०० वजा, हाती १,१९,४००. त्याखाली याच व्यवहाराची टॅलीत नोंद कशी पडते ते लिही. एक पान पुरे, आणि ते फाइलमध्ये रेझ्युमेच्या मागेच लाव. ‘खरी पट्टी का नाही आणलीस?’ असं कुणी विचारलं तर खरं कारण सांग. हिशोबाच्या कामात तोंड बंद ठेवता येणं ही मोठी पात्रता आहे, आणि सीएच्या ऑफिसात ती सगळ्यात आधी पाहतात.

आता टेबलांविषयी. पंधरा-सोळा टेबलांपुढे उभं राहायचं नाही. सरांकडून यादी आधी माग आणि त्यातली पाच निवड. मेळाव्यात सगळ्यात लांब रांग नावाजलेल्या बँकेपुढे आणि सॉफ्टवेअर कंपनीपुढे लागते. मोठ्या कंपनीच्या टेबलावर बहुधा फॉर्म गोळा करणारा माणूस बसलेला असतो, आणि निर्णय घेणारा पुण्यात किंवा मुंबईत असतो. कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे सीए स्वतः बसलेले असतात किंवा पतसंस्थेचे व्यवस्थापक स्वतः आलेले असतात. तुझं बोलणं त्यांना पटलं तर ते जागच्या जागी ‘सोमवारी ये’ म्हणू शकतात. तुझ्या पाचांत अशी तीन टेबलं असू देत.

माझा कौल विचारशील तर सीएचं ऑफिस पहिलं. कारण तिथल्या कामाला तारखा असतात, आणि तारखांमुळे माणूस शिकतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जायला हवं, आणि कर भरण्याचं जीएसटीआर-३बी साधारण २० तारखेपर्यंत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आयकर विवरणपत्रांची गर्दी सुरू झालेली असते, त्यामुळे हाताखाली माणूस हवाच असतो. ‘मला महिन्याच्या ११ आणि २० तारखेचं काम जवळून बघायचं आहे’ एवढं एक वाक्य तू बोललीस तरी समोरचा माणूस मान वर करून बघेल. इथे एक गैरसमज होतो, तोही सांगून ठेवते. सीएच्या ऑफिसात सुट्टीत इंटर्न म्हणून जाणं म्हणजे आर्टिकलशिप, सीए होण्यासाठी करावं लागणारं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, नव्हे. आर्टिकलशिपसाठी सीए इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण व्हावे लागतात, आणि २०२३ मध्ये आलेल्या नव्या योजनेनुसार ती दोन वर्षांची असते. तुझी सुट्टीतली इंटर्नशिप म्हणजे त्या वाटेवर जायचं की नाही, ते आतून बघून ठरवण्याची संधी.

पतसंस्थेत पिग्मीचा रोजचा भरणा, कर्जखाती, थकबाकीची यादी आणि केवायसीची कागदपत्रं जवळून दिसतील. कुपवाड एमआयडीसीतला एखादा कारखाना आला असेल तर स्टोअरमधला साठा आणि पुस्तकातला साठा यांचा मेळ कसा घालतात ते शिकायला मिळेल. हेही वाईट नाही.

टेबलापुढे काय बोलायचं? चार वाक्यं पुरतात. मी कोण, मी काय करते, मला तुमच्याकडे काय शिकायचंय, मी कधीपासून कधीपर्यंत येऊ शकते. घरी फोनवर रेकॉर्ड करून ऐक. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचा आवाज परका वाटेल. पाचव्यांदा ऐकशील तेव्हा लक्ष आवाजावरून शब्दांवर आलेलं असेल.

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक मुलं तेच बोलत नाहीत. माझ्या टेबलापाशी वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘मॅडम, कुठलंही काम चालेल.’ मुलं ते नम्रपणे म्हणतात, त्यामागची गरज मला कळायची. पण त्या वाक्याने विचार करायचं काम समोरच्यावर पडतं, आणि समोरच्याकडे त्या दिवशी तेवढा वेळ नसतो. फॉर्म गठ्ठ्यात जातो. एका वर्षी एक मुलगी आली. वडिलांचं हार्डवेअरचं छोटं दुकान होतं. ती म्हणाली, ‘आमच्या दुकानात वर्षअखेरीला माल मोजतो तेव्हा वहीतला आकडा आणि फळीवरचा माल कधीच जुळत नाही. तुमच्याएवढ्या मोठ्या स्टोअरमध्ये तो कसा जुळवतात, ते मला बघायचंय.’ तिचे मार्क मला आठवत नाहीत. मी तिला तिथेच तारीख दिली. तुझ्याकडेही असा एक खरा प्रश्न नक्की आहे. बाबांना विचारताना तो सापडेल.

इंग्रजीची भीती मी हलकी मानत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या घशात तिथे काय अडकतं, ते मी फार जवळून पाहिलंय. पण तुझ्या कामाची इंग्रजी तुला येते, हे तुझ्या लक्षात आलेलं नाही. डेबिट, क्रेडिट, लेजर, व्हाउचर, आउटस्टँडिंग, बॅलन्स हे शब्द तू रोज वापरतेस. ती चार वाक्यं इंग्रजीत पाठ कर, समोरचा इंग्रजीत बोलला तर ती बोल, आणि पुढचं अडलं की सरळ विचार, ‘कामाचं तपशिलात मराठीत सांगू का?’ सांगली-मिरजेच्या सीएला त्यात काहीच वावगं वाटणार नाही. बाहेरच्या कंपनीचा माणूस असेल तर पट्टी म्हणजे काय हे त्यालाही माहीत नसेल. मग ते समजावून सांगणारी तू. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तुझ्या वडिलांचं सगळं काम त्याच बाजारपेठेत आहे, एवढं सांगितलंस की त्या विषयात तुमच्या दोघांमधली जाणकार तूच असतेस. आवाज आपोआप स्थिर होतो.

तूही प्रश्न विचार. हे मी माझ्या पोळलेल्या अनुभवातून सांगते. माझी स्वतःची पहिली इंटर्नशिप एका कार्यालयात झाली. दोन महिने मी झेरॉक्स काढल्या आणि फायलींना नंबर घातले. सर्टिफिकेट सुरेख मिळालं. पुढे पहिल्याच मुलाखतीत विचारलं, ‘तिथे काय शिकलात?’ आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. त्या लोकांनी मला काही शिकवलं नाही हे खरं. पण आत शिरताना मीही विचारलं नव्हतं. विचारलं तर उद्धट वाटेल, असं मला वाटलं होतं. ते उद्धट नसतं. रोजचं काम काय असेल, ते शिकवणार कोण, किती तास, स्टायपेंड किंवा निदान जाण्यायेण्याचा खर्च मिळेल का, शेवटी कोणत्या कामाचं प्रमाणपत्र मिळेल, हे शांतपणे विचार. ‘आमच्या आधीच्या इंटर्नने काय काम केलं होतं?’ हा माझा आवडता प्रश्न. याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे झेरॉक्सच आहे असं समज.

यात अभ्यासक्रमाच्या क्रेडिटचा हिशोबही बघ. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण (ऑन जॉब ट्रेनिंग), आलं आहे. त्याची ४ क्रेडिट असतील तर एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. आता सुट्टीत केलेले तास पुढे ओजेटीत धरतील का, त्यासाठी कॉलेजचं पत्र आधी लागतं का, हे मेळाव्याच्या आधीच तुमच्या समन्वयक सरांना विचारून ठेव. काम करून झाल्यावर ‘आधी परवानगी घ्यायला हवी होती’ असं ऐकायला लागलं की फार जिवाला लागतं.

आता त्या ३,००० रुपयांविषयी. देऊ नकोस. यात मला किंतु-परंतु नाही. ज्याला तुझ्याकडून काम करून घ्यायचंय, तो तुला पैसे देईल, किंवा फार तर ‘स्टायपेंड नाही, पण शिकवतो’ म्हणेल. उलट तुझ्याकडूनच पैसे घेणारा माणूस इंटर्नशिप देत नसतो, कागद विकत असतो. आणि त्या कागदावर पुढच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न येईल, ‘तिथे रोज काय करायचीस?’ तेव्हा काय सांगशील? तीन हजार मिळवायला तुझ्या बाबांना दुकानात किती संध्याकाळी वाकून बसावं लागतं, ते तू डोळ्यांनी बघतेस.

याच बाजारात याहून वाईट प्रकारही आहेत. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपसाठी अनामत, ‘आज रात्रीपर्यंत भरा नाहीतर जागा जाईल’ अशी घाई, ओटीपी मागणं. असं काही आलं की तिथेच थांब. तुझ्या एखाद्या मैत्रिणीने आधीच पैसे भरून फसवणूक झाली असेल, तर तिला लाज वाटू देऊ नकोस, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला लाव. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

सरकारी योजनांच्या नावानेही फॉर्म भरून देणारे भेटतील, म्हणून हे माहीत असू दे. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. ती २१ ते २४ वर्षांच्या तरुणांसाठी, १२ महिन्यांची, महिना ५,००० रुपयांची म्हणून आली, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना त्यात घेतलं नाही. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही २०२४ चीच. त्यात बारावी पास, आयटीआय-पदविका आणि पदवीधर यांच्यासाठी अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, आणि शिक्षण चालू असणारे तिथेही बसत नाहीत. म्हणजे आज या दोन्ही तुझ्यासाठी नाहीत. पदवी हातात आल्यावर त्या वेळचे नियम बघ. तोवर कुणी पैसे घेऊन ‘तुझं नाव त्यात घालतो’ म्हणालं तर तो खोटं बोलतोय.

ब्लेझर शिवू नकोस. स्वच्छ, इस्त्री केलेला सलवार-कुर्ता आणि तीन तास उभं राहता येईल अशी चप्पल. ब्लेझरचे पैसे प्रवासाला ठेव. मिरजेला किंवा कोल्हापूरला रोज जायची वेळ आली, तर एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, तो खर्च आधीच मांडून बघ. रेझ्युमेच्या दहा-बारा प्रती, एक साधी फाइल, पेन आणि खिशात मावेल अशी छोटी वही, एवढं सामान पुरे.

मैत्रिणींच्या घोळक्याने टेबलाशी जाऊ नकोस. चौघी गेल्या की एक बोलते आणि तिघी हसतात, आणि घरी येताना चौघींनाही आपण काहीतरी केलं असं वाटतं. सोबत जा, पण टेबलापुढे एकटी उभी राहा. दार उघडल्यावर पहिल्या तासातच जा, दुपारनंतर समोरची माणसं थकलेली असतात. सुरुवात अशा टेबलापासून कर जिथे नाही म्हटलं तरी तुला वाईट वाटणार नाही. एकदा तोंड उघडलं की घसा मोकळा होतो, मग हव्या त्या टेबलाकडे जा. आणि एका टेबलावरून उठलीस की दुसऱ्याकडे जाण्याआधी बाजूला उभी राहून वहीत लिही. कोण बसलं होतं, काय म्हणाले, पुढे काय करायला सांगितलं. संध्याकाळी पाचही चेहरे एकमेकांत मिसळतात.

एका गोष्टीवर मी जोर देणार आहे, तू विचारली नसलीस तरी. कामाचं ठिकाण कुठे, वेळ काय, सोबत आणखी कोण असेल, हे कळल्याशिवाय होकार देऊ नकोस. मुलाखतीला कुणी ऑफिस सोडून हॉटेलवर किंवा घरी बोलावलं तर जाऊ नकोस, कारण कितीही पटण्यासारखं असो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, त्याहून छोट्या ठिकाणच्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पहिल्या दिवशी बाबांना ऑफिसपर्यंत यायला सांग. यात कमीपणा नाही.

मेळावा झाला त्याच रात्री, ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना तीन ओळींचा ईमेल कर. आज भेटले, हळदीच्या पट्टीविषयी बोललो होतो, अमुक तारखेपासून येऊ शकते, रेझ्युमे जोडला आहे. ‘हळदीच्या पट्टीविषयी’ हे शब्द विसरू नकोस, दीडशे मुलांतून त्यांना तू त्यावरूनच आठवशील. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर एकदा फोन कर. एकदाच.

आणि पाचही ठिकाणांहून नकार आला तर? पहिल्या मेळाव्यात असं पुष्कळांचं होतं, आणि त्या रात्री रडू आलं तर येऊ दे. पण तुझ्याकडे आणखी एक दार आहे, जे तुझ्या वर्गातल्या फारच थोड्या मुलांकडे असेल. बाबांच्या दुकानाचे हिशोब वर्षअखेरीला कुणीतरी सीए किंवा कर सल्लागार तपासत असणार. त्या माणसाला तुझ्या बाबांचं अक्षर ओळखीचं आहे. कदाचित तू घातलेल्या नोंदी त्याने तपासल्याही असतील. बाबांना सांग, एक फोन करून वेळ घ्या, आणि तीच फाइल घेऊन जा. खरं तर मेळाव्याची वाट न बघता हे या आठवड्यातच केलंस तरी चालेल. तिथे आधी एकदा बोलून झालं की मेळाव्यातलं बोलणं दुसऱ्यांदाचं होईल.

नमुना पट्टी तयार झाली की बाबांना तपासायला दे. त्यांनी काही चूक काढली तर ती कुठली होती, आणि मेळाव्यात ते पान बाहेर काढल्यावर तुला पहिला प्रश्न काय विचारला, हे मला पुढच्या पत्रात नक्की लिही.

तुझी,
ताई